वाटेतला ऑक्सिजन

गंगाखेडच्या बाजूला उसाच्या फडावर आम्ही तोडणीवाल्या बायांचं रक्त घेत होतो. उन्हात राबून शरीरातल्या प्रथिनांना ऑक्सिजन किती चिकटतो, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. बहुतेकींनी हात पुढे केला नि तोंड फिरवलं. एक मात्र सुईकडे बघत राहिली. तिशीतली असेल.

"ताई, ह्याच्यात थकवा दिसतो का?"

"थेट थकवा नाही. पण उन्हानं आत काय नासधूस केली, ते थोडंफार दिसतं."

"मग मला सांगा बरं. लय थकायलेय मी. मुकादम म्हणतो नाटकं करायलीय. नवराबी तेच म्हणायलाय. मशीननं सांगितलं तर ऐकतील."

मी हो म्हणाले.

मशीन पुण्यात. प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते एकेक तुकडा तोलतं. ऑक्सिजन चिकटलेला तुकडा तेवढा जड भरतो. पण ऑक्सिजन नळीतसुद्धा, नुसत्या उबेनंही चिकटतो. म्हणून नमुने कोरड्या बर्फाच्या पेटीत गोठवूनच न्यायचे.

आमची भाड्याची जीप गेवराईच्या पुढे बंद पडली. मेकॅनिक मिळेपर्यंत दुपार कलली. पेटी मी सीटखाली ढकलली, वर ओढणी घातली. उघडून पाहायची हिंमत होईना. पुण्यात उघडली तेव्हा कोरड्या बर्फाचा खडाही उरला नव्हता. नळ्यांतला, रक्तातून वेगळा काढलेला पिवळसर रक्तद्रव डुचमळत होता.

तरीही मशीनवर चढवलं. पडद्यावर जड तुकड्यांची शिखरं उठली, सगळ्यांचीच; तुलनेसाठी घेतलेल्या, सावलीत बसून काम करणाऱ्या बायांचीही. माझ्या पीएच.डी.च्या सरांनी चष्मा काढून ठेवला.

"यातलं अंगात किती झालं नि जीपमध्ये किती, हे आता कुणीच सांगू शकत नाही."

मी फडावर परत गेले तेव्हा टोळीची बांधाबांध चालली होती. ती सुईकडे बघणारी धावत आली.

"काय निगालं?"

मी जमेल तसं समजावलं.

"म्हंजे मी खरी का खोटी?"

"तुम्ही खऱ्याच आहात."

"ते तुमी म्हणायल्यात. मशीन काय म्हणायलंय?"

तिनं बाही वर सारली. "मंग परत घ्या." माझ्याकडे सुई नव्हती, बर्फ नव्हता, आणि ट्रॅक्टर सुरू झाला होता.

मी मुकादमाला गाठलं. म्हटलं, "यांना खरंच त्रास होतोय. दवाखान्यात दाखवा."

"रिपोर्ट हाय का, मॅडम?"

"नाही."

त्यानं तिला ट्रॉलीत चढायची खूण केली. ती चढली.