यादीतली फिकट ओळ

“आधी त्याले ओळखू दे,” केबल लावताना भाऊ हटकून म्हणायचे आणि टेबलाभोवती जमलेल्या आम्हा सगळ्यांना गप्प करायचे. त्याले म्हणजे कॉम्प्युटरला. अमरावतीच्या आमच्या सर्व्हे ऑफिसात बिघडलेले टॅब दुरुस्त करणारे ते एकटेच. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याच्यावाचून पान हलत नाही आणि ज्याचं नाव कोणी घेत नाही. गेल्या साली ते अकोल्याला लेकीकडे गेले आणि तिथंच वारले.

आमचे टॅब दणकट, रबरी कडांचे. दगडावर पडले तरी फुटायचे नाहीत, पण रुसायला नव्या जावयाच्या वरताण.

एका वर्षी मोर्शीकडे गारपीट झाली. संत्र्याच्या बागांच्या नुकसानीची दहा दिवसांची नोंद माझ्या टॅबमध्ये होती, आणि तो मेला नेटच पकडेना. सोमवारी भरपाईची यादी बंद होणार होती. बागवाल्यांनी पडलेली फळं केव्हाच उचलून टाकली होती, मग पुन्हा जाऊन बघणार काय, कप्पाळ?

भाऊंनी केबल बदलली. “ही नुसती चार्जिंगची हाय, पोरी. डाटा जात नाही हिच्यातून.” टॅबमध्ये यूएसबी डिबगिंग चालू केलं, म्हणजे केबलवाटे आतल्या फाइली काढायची सोय केली. टॅब ओळखायला कॉम्प्युटरला लागतो तो ड्रायव्हर नवा टाकला. कॉम्प्युटर मख्ख.

मग त्यांनी लपलेल्या उपकरणांची यादी उघडली. पूर्वी कधी जोडलेलं पण आता नसलेलं यंत्र तिथं फिकट अक्षरांत दिसतं. माझ्यासारख्याच एका टॅबची ओळ तिथं होती. भाऊंचा हात थांबला.

“हा त्याचा,” ते म्हणाले.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमचा एक सहकारी सर्व्हेला गेला असताना नाल्याच्या पुरात वाहून गेला होता. ना तो सापडला, ना त्याचा टॅब. त्याची आई रिद्धपूरला एकटी. भाऊ दर महिन्याला तिच्याकडे जात आणि सांगत, “मावशी, मशीन त्याले विसरली नाही अजून.” तेवढ्यावर म्हातारी पोराची वाट पाहत होती. हे मला त्या दिवशी कळलं आणि भाऊंचा रागच आला.

“जुना ड्रायव्हर या ओळीले धरून बसला,” ते म्हणाले. “हे पुसल्याबिगर तुया टॅबले ओळखणार नाही.”

“राहू द्या भाऊ,” मी म्हटलं. पण बागवाल्यांची तोंडं डोळ्यांपुढून हटत नव्हती, आणि ते भाऊंना दिसत होतं.

तेवढ्यात कॉम्प्युटर टिंग वाजला. काही जोडलं की वाजतो तसा. माझी केबल तर सुटी, टेबलावर पडलेली. यादीतली ती फिकट ओळ काळी ठळक झाली होती. मी खुर्ची सोडून मागे सरले. भाऊ मात्र पडद्याकडे वाकले आणि घरच्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले, “जाय बापा आता. लोकायचं काम अडून राहिलं.”

आणि त्यांनी ती ओळ पुसली.

केबल लावली तसा माझा टॅब लागलीच जोडला गेला. दहाही दिवसांच्या नोंदी उतरल्या, एकही बाग सुटली नाही. भाऊ चष्मा पुसत बसून होते.

“आता मावशीले सांगा लागन,” ते म्हणाले. “तू चाल संगं. मले एकट्याले होणार नाही.”

त्यांच्या स्कूटरवर आम्ही रिद्धपूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घराचं दार उघडंच होतं. गॅसवर चहा उकळत होता, शेजारी तीन कप मांडलेले. भाऊंनी बोलायला तोंड उघडलं, पण म्हातारीच आधी बोलली.

“बस बापा. दुपारी येऊन गेला तो. म्हणे, भाऊ येऊन राहिले, संगं एक पोरगी हाय. त्याईले चहा दे, आन् माही वाट नोको पाहू आता.”

भाऊ उंबऱ्यावरच बसले आणि लहान पोरासारखे रडले. म्हातारीनं चहा गाळला आणि पहिला कप त्यांच्या हातात दिला.