पाओ-यूनला न सापडणारा बिघाड

डोंगराच्या पायथ्याच्या पुली गावात कुणाची मोटारसायकल अडून बसली की लोक पाओ-यूनचं नाव काढत. दुकानावरची पाटी अजून सासऱ्यांच्या नावाची होती. पण ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा समुद्रापलीकडे चीनमधल्या कारखान्यात नोकरीला म्हणून गेला तो तिकडेच रमला. आधी सणावाराला यायचा, मग नुसता फोन यायचा, मग फोनही थांबला. पाओ-यूनने त्याचं दुःख फार काळ धरून ठेवलं नाही. दुकान होतं, आणि शाळेत जाणारी जो-यिंग होती.

सासऱ्यांनी तिला काम शिकवलं ते कानानं. गाडी चालू करायची, डोळे मिटायचे आणि काय दुखतंय ते ऐकायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला चेन आणि ब्रेकची तार यांतला फरक कळत नव्हता. पण पुढे पुढे गिऱ्हाईक गाडी ढकलत आणायचं आणि ही नुसती किक मारून सांगायची, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, किंवा प्लगची वायर आतून तुटलीये. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. शेजारच्या राइस नूडल्सच्या गाड्यावरची स्यू-ओ म्हणायची, "हिला माणसांचं बोलणं समजत नाही, गाड्यांचं समजतं. म्हणून तर नवरा पळाला." पाओ-यून हसायची. स्यू-ओनं म्हटलं तर तिला चालायचं.

अशा बाईला स्वतःच्या लेकीच्या गाडीतला बिघाड सापडेना.

जो-यिंग नर्स झाली होती. तिनं खालच्या शहरातलं मोठं इस्पितळ सोडून डोंगरातल्या एका वस्तीवरचं आरोग्य केंद्र घेतलं. आठवडाभर वर राहायचं, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायच्या, साखर तपासायची, औषधं घेतली का ते बघायचं, आणि शनिवारी खाली घरी यायचं. जायला तिच्याकडे बापाचीच जुनी गिअरची मोटारसायकल होती. पाओ-यूनने ती इतक्या वेळा उघडून जोडली होती, की आतला एकही नट तिला अनोळखी नव्हता.

मुलं मोठी झाली की काळजी कमी होते असं सांगणाऱ्यांची मुलं बहुधा घरीच राहत असावीत. सोमवारी सकाळी जो-यिंग निघाली की पाओ-यूनचं लक्ष फोनकडे लागे. तो रस्ता तिला माहीत होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, दुपारनंतर धुकं, आणि वरून कोबी भरून खाली सुटलेले ट्रक. त्या ट्रकवाल्यांना माल बाजारात वेळेवर पोचवायचा असतो. वळणावर ते भोंगा वाजवतात, वेग कमी करत नाहीत.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती वसंतात. चढावर मूठ पूर्ण पिळली, गाडीने दोन-तीन गचके खाल्ले आणि मान टाकली. जो-यिंगनं ती कडेला घेतली. थोड्या वेळानं किक मारली तर चालू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. आणि नेहमी वरच्या पट्ट्यातच, चहाचे मळे मागे पडून थंडी लागायला लागते तिथून पुढे. खाली पुलीत आणली की गाडी अशी चालायची जणू काही घडलंच नाही.

पाओ-यूनने सगळं पाहिलं. प्लग काढला, तर काजळीने काळा. म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. उंचावर हवा विरळ, तेव्हा ते साहजिकच, असं म्हणून तिनं कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलून बारीक घातला. तरी बंद पडली. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण पाहिलं. त्यातलं भोक बुजलं असेल तर आत हवा जात नाही आणि पेट्रोल उतरत नाही. भोक मोकळं होतं. कॉइल तापून ठिणगी तुटत असेल म्हणून कॉइल बदलली. बॅटरीची टोकं घासली, वायरी हलवून पाहिल्या, इंजिन बंद करायचं बटण उघडून साफ केलं.

दरवेळी सीट उचलली की खालचा खाऊचा पुडा ती अलगद काढून फळीवर ठेवायची आणि काम झालं की जागच्या जागी घालायची. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून मक्याच्या कुरकुरीत खाऊचा हवाबंद हिरवा पुडा त्याच्यापाशी ठेवायचा, हे तिकडे कारखान्यापासून इस्पितळापर्यंत सगळेच करतात. पुडा हिरवाच हवा, मुदत संपलेला नको, आणि फोडून खायचा तर अजिबात नाही. पाओ-यूनच्या दुकानात हवेच्या पंपावरही एक होता. जो-यिंगला डोंगरातली नोकरी लागली तेव्हा तिनं सगळ्यांत मोठा पुडा आणून स्वतःच्या हातानं सीटखाली बसवला होता.

स्यू-ओचं म्हणणं वेगळं होतं. त्या वळणावर माणसं गेलीत, ती जागा चांगली नाही, पुजाऱ्याला विचार. पाओ-यूनने मंदिरातून ताईत आणून हँडलला बांधला. हसू नये, जिचं मूल त्या रस्त्यावर जातं तीच जाणे.

मग पावसाळ्यात एका शनिवारी जो-यिंग आली ती कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी बांधून. वर चढताना गाडी ऐन वळणात बंद पडली होती. मागून ट्रक आला. तिला गाडी आडवी टाकून कड्याच्या बाजूला उडी मारावी लागली. ट्रकच्या दोरखंडाचं लोंबतं टोक तिच्या हेल्मेटला लागून गेलं. हे सगळं तिनं जेवताना अशा आवाजात सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. पाओ-यूनच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या त्या पुन्हा भातात गेल्याच नाहीत.

जो-यिंग म्हणाली, "आई, खालच्या इस्पितळातून परत येतेस का म्हणून अजून विचारतायत. रविवारपर्यंत सांग म्हणाले."

"मग?"

"गाडी नीट झाली तर नाही म्हणणार. नाही झाली तर जाते तिकडे. रोज मरायला नाही जायचं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाओ-यूनने दुकान उघडलंच नाही. गाडी काढली आणि स्वतःच डोंगराच्या वाटेला लागली. इतके महिने ती गाडी खाली तपासत होती, आणि आजार वर होता. हे तिला आधी का सुचलं नाही? सुचलं होतं. त्या रस्त्याकडे बघायचीच तिला भीती वाटत होती.

मळे मागे पडले. थंडी आली. धुक्याचा ओला वास आला. चढ उभा झाला तशी तिनं मूठ पूर्ण पिळली, आणि गाडीने गचका खाल्ला. लेक सांगायची अगदी तसाच. तिनं मूठ सोडली नाही. गाडी घुसमटत, खोकत, रस्त्याच्या कडेच्या खडीवर आली. सासऱ्यांची सवय म्हणून तिनं डोळे मिटले. हे पेट्रोल संपल्याचं नव्हतं, ठिणगी तुटल्याचंही नव्हतं. हे तोंडावर उशी दाबल्यासारखं होतं.

गाडीवरून उतरून, इंजिन बंद न करता, एका हातानं मूठ धरून, तिनं दुसऱ्या हातानं सीट वर ओढली. आणि त्याच क्षणी गाडीनं मोठा श्वास घेतला. आवाज साफ, मोकळा, भरदार झाला.

सीटच्या बुडाला हिरवा पुडा चिकटून होता. खाली मऊ, दबलेला असायचा तो इथे उंचीवरच्या विरळ हवेत फुगून ढोलासारखा टणक झाला होता. सीट आणि हवेच्या फिल्टरच्या डब्याचं तोंड यांच्या मधल्या जागेत तो घट्ट बसत होता, आणि मूठ पिळली की डबा त्याला आत ओढून घेत होता. गाडी बंद पडली की ओढ संपायची, पुडा सैल पडायचा, किक मारली की गाडी चालू. खाली उतरलं की पुडा पुन्हा मऊ. आणि पाओ-यून तपासायला बसली की पहिलं काम काय करायची, तर तोच पुडा काढून फळीवर ठेवायची.

डोंगरातल्या वाणसामानाच्या दुकानांत खाऊचे पुडे फुगलेले असतात हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पाओ-यूनलाही ठाऊक होतं. पण तो पुडा तिच्या हिशेबी गाडीचा भाग नव्हताच. तो गाडीची राखण करणारा होता.

ती खडीवर बसून राहिली. एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि त्याच्या वाऱ्याने ती हलली. लेकीच्या हेल्मेटला लागलेलं दोरखंडाचं टोक तिच्या डोळ्यांपुढून जाईना. बाप नाही म्हणून दुप्पट जपलं, आणि जपण्यासाठी जे सीटखाली ठेवलं त्यानंच पोरीला ट्रकपुढे उभं केलं होतं.

आणि मग, याचीच तिला पुढे सर्वांत जास्त लाज वाटली, तिच्या मनात दुसरा विचार आला. आज रविवार आहे. बिघाड सापडला नाही असं म्हटलं की झालं. जो-यिंग खालच्या शहरात राहील. तिथे सपाट रस्ते आहेत. खोटं बोलावं लागलं तरी एकदाच.

तिनं पुडा जॅकेटच्या आत कोंबला आणि गाडी वळवली. उतारावर गाडी सुरेख चालत होती.

जो-यिंग मागच्या अंगणात पट्टीच्या हाताने जमेल तसे भाजीसाठी पाणबांबूचे कोंब सोलत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, सापडलं का? पाओ-यूनने हात धुता धुता सांगितलं, नाही. नाही सापडलं. जो-यिंगनं कोंब टोपलीत टाकले, फोन घेतला आणि वरच्या केंद्राच्या प्रमुख बाईंना लावला. पाओ-यून नळ बंद करायचं विसरून ऐकत होती.

नोकरी सोडतेय हे जो-यिंगनं एका वाक्यात उरकलं. मग मात्र ती बराच वेळ बोलत राहिली. ओढ्यापलीकडच्या आजीला उजव्या कानानं ऐकू येत नाही, तिच्या डाव्या बाजूला बसून बोला, नाहीतर ती चिडते आणि पाय दाखवत नाही. पायाची पट्टी आधी भिजवून मगच काढा, ओढू नका. तिच्या लेकाच्या हाती गोळ्या देऊ नका, तो विसरतो. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. जो-यिंग म्हणाली, "नाही, मला माहितीये माझ्या जागी कुणी येणार नाहीये. पण तुम्ही लिहून तर ठेवा."

फोन ठेवल्यावर तिनं पुन्हा कोंब सोलायला घेतला. सोलून झालेलाच कोंब ती सोलत होती.

पाओ-यूनने जॅकेटची चेन उघडली आणि पुडा टोपलीशेजारी ठेवला. तो आता मऊ पडला होता. काय झालं ते तिनं सांगितलं. वर फुगतो कसा, तोंड बंद करतो कसा, सगळं. कामाचं बोलताना तिचा आवाज कधी कापत नसे, त्या दिवशी कापला.

जो-यिंगनं पुडा हातात घेतला. दाबून पाहिला.

"कधी सापडलं?"

"सकाळीच. वर."

"मग नाही का म्हणालीस?"

"तू खाली राहिली असतीस म्हणून."

जो-यिंग तिच्याकडे बघत राहिली. आरडाओरडा केला असता तर पाओ-यूनला बरं वाटलं असतं. पण ही मुलगी लहानपणापासून रागावली की गप्प व्हायची. शेवटी ती म्हणाली, "मी तुला गाडी दाखवते तेव्हा तू जे सांगतेस त्यावर मी दरीच्या कडेनं जाते, आई. तू खोटं बोलायला लागलीस तर मी कुणाला विचारू?"

पाओ-यूनने उठून नळ बंद केला.

जो-यिंगनं पुन्हा फोन लावून नोकरी सोडत नसल्याचं सांगितलं. मग ती दुकानात गेली, गाडी आत घेतली, फळीवरची अवजारं खाली काढली आणि आईला हाक मारली. वर बंद पडली तर काय बघायचं, कोणत्या क्रमानं, ते मला शिकव, म्हणाली. ताईत राहू दे हँडलला. पण मला स्वतःला कळलं पाहिजे.

मग पाओ-यून शिकवायला बसली. आधी पेट्रोल येतंय का, नळी काढून बघ. मग प्लग काढून इंजिनाला टेकव, किक मार, ठिणगी निळी आहे का बघ. प्लग काळा असेल तर हवा कमी, पांढरा असेल तर पेट्रोल कमी. मग फिल्टरचं तोंड. जो-यिंगचे हात जखमा बांधणारे, हलके आणि नेमके. पट्टीचा अडथळा असूनही ती पटकन शिकत होती. स्यू-ओ नूडल्सचं भांडं घेऊन डोकावली, काय चाललंय ते पाहिलं आणि न बोलता भांडं ठेवून गेली. असं ती क्वचितच करायची.

जो-यिंगनं प्लग घट्ट बसवला, त्यावर वायरची टोपी दाबली, सीट लावली, किक मारली. गाडी चालू झाली.

"झालं, आई."

पाओ-यूनने ऐकलं. आवाज अगदी बरोबर होता. "प्लग जास्त आवळलास," ती म्हणाली. "अजून एकदा उघड."

जो-यिंगनं उघडला. पुन्हा बसवला. या खेपेला पाओ-यूनला वायर नीट बसली नाही असं वाटलं. पुढच्या खेपेला नळीची क्लिप. बाहेर उजेड कमी होत चालला, नूडल्स थंड झाले. जो-यिंगच्या लक्षात केव्हाच आलं होतं, की आता काहीही चुकत नाहीये. तिनं पाना पुन्हा हातात घेतला, आईकडे एकदा पाहिलं, आणि प्लग पुन्हा उघडायला वाकली.