पुन्हा पहिल्यापासून

मिरजेत कॅन्सर निघाल्याची बातमी आम्ही पेशंटच्या भावाला व्हरांड्यात गाठून सांगायचो. इथे वॉटफर्डला ती थेट पेशंटच्या तोंडावर सांगतात, आणि त्याची चक्क तालीमही असते. तालमीत आमच्या ज्युनियर डॉक्टरांसमोर पेशंट होऊन बसायचा एक म्हातारा अमेरिकन नट. न्यूयॉर्कला नाटकं केली, सिनेमात चिल्लर कामं केली, मग एका दौऱ्यावर इंग्लंडला आला तो इथलाच झाला. कॅन्सर हा शब्द ऐकला की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहायचा. सांगणारा अडखळला, तर मात्र हात वर करून थांबवायचा. "बाहेर जा, दार वाजव. पुन्हा पहिल्यापासून."

गेल्या हिवाळ्यात तो माझ्या क्लिनिकमध्ये स्वतःचा रिपोर्ट ऐकायला आला. बरोबर भाऊ नाही, कुणीच नाही. ती तालीम मीच घ्यायचे, तरी कसंबसं सांगितलं. त्याने चष्म्याला हातही लावला नाही. नुसता भिंतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून करू या?"

मी उठले, बाहेर गेले, दार वाजवलं.

आत आले, तर मी तोंड उघडायच्या आधीच तो चष्मा पुसत होता.