कवळीवाल्या बयूमीचं रक्तपिशाच

अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी मोहल्ल्यात निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात बयूमी कवळीवाल्याची कारागिरी होती. त्याच्या स्वतःच्या डोक्यात मात्र एकच खूळ, सिनेमात आपलं तोंड दिसावं. बावीस वर्षांत त्यानं नऊ सिनेमे केले. सातांत तो चादरीखालचं मढं होता, एकात पाठमोरा, आणि एकात नुसते पाय. बायको झन्नूबा पाहुण्यांना सांगायची, "आमचे हे सिनेमात असतात बरं का! चपला ओळखता येत असतील तर जा बघायला."

त्या साली कैरोहून उस्ताद रिफअत आला. अठरा दिवसांत सिनेमा उरकणारा दिग्दर्शक. सिनेमाचं नाव 'अत्तारीनचं वटवाघूळ'. अत्तारीन बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांवर दरोडे घालणारं एक रक्तपिशाच आणि त्याच्या मागावर एक इन्स्पेक्टर, अशी गोष्ट. सुळे करायचं काम अर्थात बयूमीकडे आलं. त्यानं ते असे झकास घडवले, की नट ते घालून बोलायला लागला की समोरच्याला थुंकीची आंघोळ व्हायची. दोन दिवस वाया गेले. शेवटी बयूमीला राहवेना. "अहो, जीभ जरा मागं घ्यायची," म्हणत त्यानं सुळे स्वतःच्या तोंडात चढवले आणि अख्खा संवाद खणखणीत म्हणून दाखवला.

रिफअतनं त्याला खालीवर न्याहाळलं. "काका, हा झगा होईल का तुम्हाला?"

"नाही झाला तर मी झग्याला होईन," बयूमी म्हणाला.

पण सिनेमाभर त्याच्या तोंडावर झग्याची उंच कॉलर. चेहरा उघडा पडायचा तो एकाच प्रसंगात, घड्याळांच्या दुकानात मालकाच्या मानेला चावताना. फिल्म मोजून आणलेली, आवाजही तिथल्या तिथं भरलेला. एकदा घेतलं की संपलं.

गुरुवारी संध्याकाळी हज्जा इन्साफबाईंच्या थिएटरात पहिला खेळ लागला. पुढच्या रांगा कॉलेजातल्या भूतशौकिनांनी अडवलेल्या. सगळे काळे शर्ट घालून, घाबरायच्या तयारीनं आलेले. पण इन्स्पेक्टर चाळीस मिनिटं नुसता बोलतच होता. वटवाघूळ उडालं तर त्याचा दोरा दिसला. पोरं जांभया देऊ लागली. एवढ्यात घड्याळांचं दुकान आलं. मालक थरथरतोय, कॉलर खाली सरकली, बयूमीचा जबडा उघडला, सुळे चमकले. तो मानेवर वाकला आणि घास तोंडाशी नेताना जन्मभराच्या सवयीनं निघतं तसं त्याच्या तोंडून निघालं, "बिस्मिल्ला."

मग मागच्या बाकांवरून जो हशा उठला, तो इन्स्पेक्टरच्या बंदुकीचा बारही ऐकू येऊ देईना.

काळे शर्टवाले मात्र भडकले. "हे रक्तपिशाच आहे का लग्नातला पाहुणा?" त्यांचा म्होरक्या दारात ओरडला. "आम्ही झोप उडवून घ्यायला आलो होतो!"

रिफअतचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "उद्या दुपारच्या खेळाआधी तो प्रसंग कापतो."

"उस्ताद, तेवढंच तोंड आहे हो माझं," बयूमी काकुळतीला आला.

"तोंड उघडायला सांगितलं होतं काका, बोलायला नाही!"

बयूमी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. झन्नूबानं समोर ठेवलेला मासाभात निवून गेला. टोमणा येईल म्हणून तो अंग चोरून वाट बघत होता. ती एवढंच म्हणाली, "उद्याच्या खेळाला मी येणार. कापतोय कसा ते बघते."

पण तिला काही करावंच लागलं नाही. त्या पोरांनी रागारागानं प्रत्येक कॉफीखान्यात सिनेमाला शिव्या घातल्या होत्या, आणि शिव्या घालायच्या तर तो प्रसंग सांगावाच लागे! शुक्रवारची नमाज आटोपली आणि मोहल्ला थेट थिएटरवर लोटला. आज्या, लेकुरवाळ्या, कोळी, मशिदीबाहेरचा अत्तरवालासुद्धा. रिफअत कात्री घेऊन जिना चढायला लागला, तर हज्जाबाई पायरीवर आडव्या उभ्या.

"कात्री खिशात घाल, बाळा. नवरा गेल्यापासून बारा वर्षं हे थिएटर मी चालवतेय, भरलेलं आज बघतेय. हात शिवशिवत असतील तर तुझ्या त्या बडबड्या इन्स्पेक्टरला काप!"

बयूमी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. घड्याळांचं दुकान आलं तसं सगळं थिएटर चिडीचूप झालं. पडद्यावर कॉलर सरकली. तीन माणसांच्या उंचीएवढं बयूमीचं तोंड! सुरकुत्या, मिश्या, सगळं लख्ख. "बिस्मिल्ला," पडद्यावरचा बयूमी म्हणाला, आणि चारशे माणसं एका सुरात ओरडली, "पोटभर जेवा, काका!"

झन्नूबा खुर्चीवर चढली आणि मागे वळून बोट दाखवत गरजली, "तो बघा, भिंतीशी उभा आहे! नीट बघून घ्या, चपला नका बघू!" मग तिनं लग्नात घालतात तशी जिभेची लांबलचक किलकारी घातली. बाकीच्या बायांनी ती उचलली. पडद्यावरचा सिनेमा पुढे चाललाच होता, पण बघतंय कोण!

लोकांनी बयूमीला खांद्यावर घेऊन पडद्यासमोर आणलं. कालच्या काळ्या शर्टांचा म्होरक्याही आला होता. तो रांगेतून पुढे सरसावला, त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मान पुढे केली. "काका, एकदा चावाच. त्याशिवाय मी घरी जात नाही."

बयूमीनं छाती काढून त्या मानेकडे पाहिलं, मग सगळ्या थिएटरकडे.

"थांब बेटा," तो म्हणाला, "आधी हात धुऊन येतो."