कारभारीनं पाहिलेल्या दोन ओळी

कारभारीला दगड घासायला कुणीही सांगितलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, न्हाईतर ऐकणारे उगाच पोरीला बोल लावतात. पोरीचा ह्यात काडीचा दोष न्हाई.

कारभारी जालन्याच्या एमआयडीसीत, सळ्यांच्या कारखान्यात ग्राइंडर चालवतो. बापजाद्यांनी मेंढरं राखली. ह्यानं ती मोडली अन् चौदा वर्षांपूर्वी कारखान्याची वाट धरली. गंजलेला तुकडा त्याच्या हाती द्या, आरशासारखा करून देईल. त्याला गर्व दोनच गोष्टींचा. एक हा हात, अन् दुसरी लेक शालू. ती विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला.

इतिहास शिकून काय दिवे लावणार, असं भावकीनं त्याला शंभरदा विचारलं. "नर्स करायची व्हती पोरीला. मेलेल्या राजांची नावं पाठ करून कोण नोकरी देऊन राह्यलं?" आणि यंदा बघा, विभागाच्या चर्चासत्रात शालूच्या निबंधाला पहिला नंबर! निबंध तरी कशावर? गावच्या, केदारखेड्याच्या शिवारातल्या, ह्यांच्याच घराण्याच्या वीरावर.

वीर म्हणजे कमरेएवढा उभा दगड. त्यावर काठी उगारलेला माणूस, पायाशी गुरं. मेंढरं घेऊन रानोमाळ निघायच्या आधी त्याला तेल-शेंदूर लावायचा, ही रीत. मेंढरं गेली, रीत राहिली. पिढ्यांचा शेंदूर बोटभर जाड बसलेला. एका कडेची खपली पडली, तिथं शालूला जुन्या वळणाची तीन अक्षरं दिसली. शेंदराखाली अशा दोन ओळी असाव्यात, असं तिनं निबंधात लिहिलं.

तिच्या मार्गदर्शक शीतल मॅडम खूश झाल्या. पण विभागातल्या एका सरांनी खोडा घातला. "तीन अक्षरांवर शोध लागत नसतो. दगडाचा ठसा आणा, मग नाव छापू." विभाग दरवर्षी विद्यार्थ्यांच्या अन् प्राध्यापकांच्या यशाची पुस्तिका काढतो. त्यात नाव आलं की पीएच.डी.च्या निवडीत वजन पडतं. शालूला पीएच.डी. करायचीच होती. मॅडमनी ठरवलं की सोमवारी स्वतः गावी जायचं, शेंदूर हलक्या हातानं काढायचा अन् ओल्या कागदावर अक्षरं उठवून आणायची.

शालूनं फोनवर बापाला हे सगळं सांगितलं.

"मॅडम सोता काढणार शेंदूर?" कारभारीनं विचारलं.

"हो बाबा. त्यांचं कामच आहे ते."

"एवढ्या शिकलेल्या बाईनं आपल्या देवाचा मळ काढायचा?"

शालू हसली अन् फोन ठेवून दिला. बापाच्या डोक्यात काय शिजून राह्यलं, ते तिला कसं कळावं?

शनिवारी कारभारीनं सुपरवायझर रामकिसनच्या हातापाया पडून ग्राइंडर मागून घेतला. रविवारी सकाळी शेजारच्या विहिरीच्या मोटारीवरून वायर ओढली. बायको साखराबाई म्हणाली, "पोरीला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं? पाहुणे यायच्या आधी घर कोण सारवतं? पाहुणे का घरधनी?"

साखराबाईनं नारळ आणून दिला. खरं सांगा, तुम्ही तरी ह्यावर काय बोलला असता?

कारभारीनं नारळ फोडला. "बाबा, राग धरू नको. तुह्या लेकीचं काम हाय," असं वीराला म्हणाला अन् तारेचा ब्रश लावून मशीन चालू केली. शेंदराच्या खपल्या उडाल्या. तासाभरात दगड उघडा पडला, अन् त्यावर दोन ओळी! या कडेपासून त्या कडेपर्यंत. कारभारीच्या अंगावर काटा आला. शालू बराबर होती. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी डोळे भरून आले.

तिथंच मशीन बंद केली असती तर! पण खाचांमध्ये लालकाळा मळ उरला होता, अन् अर्धवट माल कारभारीनं जन्मात कधी दिला न्हाई. त्यानं ब्रश उतरवला अन् घासायचं दगडी चाक चढवलं. दुपारपर्यंत वीर लखलखीत झाला. मळ निघाला. अक्षरं वरवर कोरलेली होती, तीही गेली. मळाच्या खाली अक्षर खोल असणार, साफ केलं की उठून दिसणार, असं त्याला वाटलं होतं. मंग तो नुसताच हात फिरवत बसला. दगड गुळगुळीत लागत होता.

सोमवारी गाडी आली. शालू पुढं, हातात कागदाची गुंडाळी. दगड दिसला तशी ती जागीच थांबली.

"कोणी केलं हे? कुठल्या गाढवानं केलं?" मॅडम ओरडल्या.

"म्या केलं," कारभारी म्हणाला. "तुम्हाला तरास नको म्हून."

मॅडमनी वाकून दगडावर बोटं फिरवली. मग त्यांनी विचारलं, "फोटो काढला होता का?"

"न्हाई."

"पण अक्षरं पाहिली होती तुम्ही?"

"पाहिली. समदी."

एवढ्या पिढ्यांत त्या दोन ओळी पुऱ्या पाहणारा हाच एक माणूस, अन् त्याला त्या वाचता येत न्हाईत! शालूनं वही उघडून त्याच्यापुढं धरली. तिचा आवाज चढला न्हाई. "काढा बाबा. आठवतील तशी."

कारभारीनं पेन्सिल धरली. एक काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. मॅडमनी पाहिलं अन् मान खाली घातली. ती तिन्ही शालूच्या निबंधातलीच होती. तिनं दिवाळीत त्या तीन अक्षरांचा फोटो दाखवला होता, तोच त्याच्या हातात बसला होता. चौथं काही आलं न्हाई. साखराबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

पुस्तिका छापून आली. शीतल मॅडमचा एक लेख त्यात आहे, इतर चार पोरांची नावं आहेत. शालूचं न्हाई. पुरावा नसताना छापता येत नाही, असं सरांनी सांगितलं. भावकीला तर आयतंच फावलं.

कारभारी कामावर जातो. दुपारच्या सुट्टीत खडूनं लोखंडाच्या तुकड्यांवर वाकड्यातिकड्या रेघा ओढतो, पुसतो, पुन्हा ओढतो. मधेच कधी लेकीला फोन लावतो.

"बाई, आज एक आठवलं. कोयत्यासारखं व्हतं, खाली टिंब."

असल्या अक्षरांना कुणी पुरावा मानत न्हाई, हे शालूला पक्कं ठाऊक आहे. तरी ती वही काढते.

"सांगा बाबा. टिंब कोणत्या बाजूला होतं?"