टाळूवरचं तेल

माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का, हे मशीन लावून बघायचं ठरलं तेव्हा स्पर्धा परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि आई परभणीहून दिल्लीच्या गाडीत बसली होती. खरं सांगायचं तर मशीनपेक्षा मला आईची धास्ती जास्त होती.

झालं होतं असं, की करोल बागेजवळच्या एका तळघरातल्या लायब्ररीत मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि आडवा झालो. लायब्ररी म्हणजे तिथे पुस्तकं नव्हती. महिन्याच्या बोलीनं मिळणारी एक खुर्ची, एक दिवा आणि दोन्ही बाजूंना प्लायवूड, एवढाच तिचा संसार. शुद्धीवर आलो तेव्हा माझा सांगलीचा रूममेट माझ्या नाकाला स्वतःचा बूट लावून बसला होता. फिट आली की बूट हुंगवायचा असतो, हे त्याला कुठूनतरी माहीत होतं. मे महिन्यात, सहा तास पायात असलेला बूट. मी तडक उठून बसलो, आणि आपल्या उपचाराला गुण आला असं तो आजतागायत सांगत फिरतो.

डॉक्टरांना त्यानं सांगितलं की पडल्यावर याचे हात झटके देत होते. मी म्हटलं, मी बूट ढकलत होतो. डॉक्टरांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि ईईजी लिहून दिला. डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढतात, दुखत नाही, म्हणाले. चिठ्ठीच्या मागे सूचना छापलेल्या होत्या. आदल्या दिवशी शाम्पूनं केस धुवा. तेल लावू नका. पहाटे चारला उठा आणि त्यानंतर डोळा लागू देऊ नका. चहा-कॉफी नको.

बाबांनी फोनवर निकाल आधीच लावून टाकला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि घरातही हजेरी घेतल्यासारखे बोलायचे. "रिपोर्टात काही निघालं, तर आईबरोबर सरळ घरी यायचं. परीक्षेचं नाव काढायचं नाही. काही नाही निघालं, तर तिथेच राहून पेपर द्यायचा. हा पाचवा प्रयत्न आहे." हा पाचवा, हे सांगायची तशी गरज नव्हती. मी म्हणालो, "काही निघणार नाही, बाबा." रूममेटला तेच सांगितलं, मेसवाल्याला तेच सांगितलं. ज्यानं विचारलंही नव्हतं, त्यालाही सांगितलं.

आई आली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. रूममेट बिचारा दुसऱ्या मित्राच्या खोलीवर झोपायला गेला. तिनं चपला काढल्या, हातपाय धुतले, माझ्याकडे नीट बघितलं आणि मला फरशीवर बसवलं.

"वाचून वाचून डोकं तापलंय तुझं. हात लावून बघ, पोळतंय."

त्या दिवसांत करोल बागेतली भिंतसुद्धा पोळत होती, पण भिंतीला तेल लावायला ती आली नव्हती. तिनं ओंजळभर तेल माझ्या टाळूवर थापलं आणि दोन्ही हातांनी असं काही चोळलं, की माझे डोळे आपोआप मिटले. कित्येक महिन्यांत कुणी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. सगळं तेल मुरल्यावर चिठ्ठी तिच्या पुढ्यात धरली.

"मग आधी नाही का सांगायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तेल काढायचा कार्यक्रम झाला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिल्लीच्या उन्हानं फुकटात तापवून ठेवलं होतं. शाम्पूच्या चार पुड्या संपल्या. रूममेट बाथरूमच्या दारात उभा राहून तांत्रिक सल्ला देत होता. पाचव्या वेळेला त्यानं भांडी घासायचा लिंबाचा साबण आत सरकवला आणि मी तोही लावला. केस असे कोरडे झाले की कंगवा फिरवला तर आवाज येई. आईनं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं.

"असं कोरडं डोकं बघवत नाही," ती म्हणाली. "घरात कुणी गेलेलं असलं की असं असतं."

मी चिडलो. म्हटलं, "उद्या संध्याकाळी हवं तेवढं ओत. उद्यापर्यंत मला हात लावायचा नाही." ती गप्प बसली. आमची आई गप्प बसली की काहीतरी शिजत असतं, हे मला सव्वीस वर्षांच्या अनुभवानं कळायला हवं होतं.

पहाटे चारला तिनं मला उठवलं. मला जागं ठेवणं ही तिची जबाबदारी होती आणि तिनं ती मनावर घेतली. नात्यातल्या झाडून सगळ्या लग्नांची बोलणी कुठे अडली आणि का अडली, ते तिनं क्रमानं सांगितलं. एका जांभईला एक चिमटा असा हिशेब होता. चहा नाही म्हटल्यावर माझ्याविषयीच्या सहानुभूतीपोटी तीही बिनचहाची बसली, त्यामुळे सातच्या सुमाराला तिचंच डोकं दुखायला लागलं.

तपासणीची लवकरची वेळ द्वारकेतल्या एका केंद्रात मिळाली होती. करोल बागेतून मेट्रोत बसलं की ती सरळ द्वारकेला जाते, बदलायची भानगड नाही. पण पहाटे चारला उठलेल्या माणसाला उन्हातून आणून गार डब्यात बसवणं म्हणजे कठीण परीक्षा. "मी झोपलो तर चिमटा काढ," एवढं मी तिला सांगितलं. नंतरचं मला आठवतं ते थेट द्वारका मोड स्टेशन. माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि तिचा हात माझ्या डोक्यावर.

"मी झोपलो होतो?"

"छे. नुसते डोळे मिटले होतेस."

केंद्रातल्या टेक्निशियन मॅडम पानिपतच्या होत्या. रोज पहाटेची गाडी पकडून यायच्या, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं, म्हणजे कमी झोपेची तक्रार मी करू नये. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि शिंप्याची असते तशी टेप काढली. नाकाच्या वरच्या खळगीपासून मानेमागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मापं घेत घेत त्या लाल पेन्सिलीनं माझ्या डोक्यावर फुल्या मारत होत्या. मग प्रत्येक फुलीवर, बारीक रवा घातल्यासारखी खरखरीत लागणारी पेस्ट कापसाच्या काडीनं घासली. त्यावर चिकट पांढरा गोळा, गोळ्यावर छोटी वाटी, वाटीला वायर. अशा वीस-एकवीस. आरशात बघितलं तर माझं काही खरं नव्हतं.

त्यांनी मशीन लावलं. पडद्यावर डोक्याचं चित्र आलं, त्यावर एकेक ठिपका हिरवा होत गेला. मधला एक लालच राहिला.

"ये बीच वाला नहीं आ रहा," त्या म्हणाल्या. वाटी काढली, पुन्हा घासलं, पुन्हा लावली. लाल. तिसऱ्यांदा त्यांनी वाटी काढली, बोट टाळूवर फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"नारियल. तेल लगाया है?"

"बिल्कुल नहीं, मॅडम. पाच बार धोया है. बर्तन के साबुन से धोया है."

"बाकी सर पे नहीं है. बस यहीं है. किसने लगाया?"

माझ्या डोक्यात, ज्याचा आलेख अजून सुरूही झाला नव्हता, एकदम उजेड पडला. मेट्रो. खांदा. डोक्यावरचा हात.

आईला आत बोलावलं. ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. वायरींनी भरलेलं माझं डोकं बघून तिचा चेहरा उतरला, आणि मॅडमनी काही विचारायच्या आतच तिनं पिशवीतून औषधाची जुनी बाटली काढली. तिच्यात दोन बोटं तेल होतं.

"एवढंसंच लावलं," ती मराठीतच म्हणाली आणि करंगळीचं टोक दाखवलं. "चौथीच्या स्कॉलरशिपपासून लावतेय. कोरड्या डोक्यानं कुठल्या महत्त्वाच्या कामाला पाठवलं नाही त्याला. पुण्याला शिकायला गेला तेव्हापासून मात्र लावता आलं नाही. बघा ना, तेव्हापासूनच सगळं असं होतंय."

मी याचं हिंदी करायचं टाळलं. पण मॅडमना करंगळी समजली होती. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला, टाळू पुसली आणि आईला म्हणाल्या, "आंटी, मेरी मम्मी भी यही करती है. पर यहाँ नहीं."

आईला धीर आला. "तिला विचार, यात डोक्यातले विचार दिसतात का?"

मी विचारलं. मॅडम वाटी दाबता दाबता म्हणाल्या, "सोच दिखती तो सबसे पहले अपनी सास को बिठाती." आईला हे भाषांतराशिवाय कळलं. दोघी अशा हसल्या की मी तिथे आहे हे विसरल्या. लाल ठिपका हिरवा झाला.

मग आईला बाहेर पाठवलं, मला गादीवर आडवं केलं आणि दिवे मंद झाले. डोळे उघडा, डोळे मिटा. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्या. डोळ्यांसमोर दिव्याची उघडझाप. शेवटी मॅडम म्हणाल्या, "अब सो जाओ." मेट्रोत, उभ्या गर्दीत, आईच्या खांद्यावर लागलेली झोप आता गादीवर लागेना. मी पडून होतो आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. काहीतरी निघू दे. फार मोठं नको, गोळीनं बरं होईल असं, पण निघू दे. कागदावर लिहून येऊ दे. म्हणजे मी परीक्षा सोडली असं कुणी म्हणणार नाही, परीक्षेनंच मला सोडलं असं होईल.

आधी मला मॅडमची भीती वाटली. त्यांच्या पडद्यावर हे दिसत असेल तर? मग आठवलं, सोच दिसत नाही. मला लाज वाटली, आणि त्या लाजेतच कधीतरी झोप लागली.

उठलो तेव्हा वायरी निघाल्या होत्या. बाहेर आई माझ्या केसांतले पांढरे गोळे पदरानं पुसत होती आणि पुसता पुसता बोलत होती, "काय चिकटवलंय काय बाईनं. याच्यापेक्षा माझं तेल बरं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. सगळं नॉर्मल. फिट नाही. उपाशीपोटी बसून राहायचं, चार तास झोपायचं आणि मग एकदम उठायचं, त्यामुळे चक्कर. "खाओ, सोओ, और पेपर दो," ते म्हणाले आणि माझी पाठ थोपटली. रूममेट बरोबर आला होता. त्याला बुटाचं नाव रिपोर्टात नाही याचं वाईट वाटलं असावं, पण त्यानं मला मिठी मारली.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडायला लागलो. रूममेट पाणी आणायला म्हणून निघून गेला. आई शेजारी बसली.

"चांगलं आलंय ना? मग रडतोस कशाला?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "मला वाटत होतं काहीतरी निघेल. मला नाही होत आता, आई. दोन वर्षं झाली, मला नाही होत."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या औषधाच्या दुकानाकडे बघत राहिली.

"घरी यायला रिपोर्ट कशाला लागतो रे?" ती म्हणाली.

मग तिनं बाबांना फोन लावला. मी तिच्या हातातून तो घ्यायला गेलो, तिनं दिला नाही. "रिपोर्ट चांगला आहे," तिनं सांगितलं. पलीकडून बाबांचा मोठा सुस्कारा मलाही ऐकू आला. मग ती म्हणाली, "आणि मी त्याला घेऊन येतेय." मग बाबांनी परीक्षेचं विचारलं असावं. "ती त्याची तो बघेल," आई म्हणाली. "तुम्ही स्टेशनवर या."

तिचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. माझं त्या दिवशी काढलं, ते वेटिंगवर राहिलं आणि शेवटपर्यंत पक्कं झालं नाही. परभणीपर्यंत आम्ही एकाच बर्थवर आलो. मी झोपलो, ती पायाशी बसून राहिली.