सगुणाने न पाहिलेल्या चुली

सगुणा कुंभारीण हातखंब्याची. तिने घातलेली चूल धुरत नाही, असं रत्नागिरीत बायका एकमेकींना सांगत. १९३३ सालापर्यंत तिने शहरात नि आसपास दीडेकशे चुली घातल्या असतील. वारुळाची माती, भाताचं तूस आणि शेण, एवढंच तिचं सामान. बाजाराला येणाऱ्या बैलगाडीतून मातीची पाटी घेऊन ती उतरे, परसदाराने स्वयंपाकघरात शिरे, दोन दिवसांत चूल आणि तिच्या अंगाला दुसरं भांडं ठेवायचा वैल उभा करी आणि हात धुऊन निघून जाई. मिळकत म्हणजे नारळ, खण आणि तांदूळ. पुढे आठ दिवस चूल वाळे, मग घरची बाई चांगला दिवस बघून तिच्यात पहिला विस्तव घाली.

त्या पहिल्या विस्तवाला सगुणा कधीच हजर नसे. कारण साधं आहे, ते गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही. बामणआळीत विस्तव पडला की स्वयंपाकघर सोवळ्यात जाई, आणि मग कुंभारणीचं पाऊल तिथे चालत नसे. विस्तव पडेपर्यंत ती नुसती माती, आणि मातीला कुंभारीण लागतेच. सगुणाला याचं वाईट वाटे का? मुळीच नाही. तसं वाटायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. चूल धुरते असं क्वचित कुणी कुरकुरलं, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. लाकूड ओलं असेल.

बामणआळीच्या खालच्या टोकाला आत्माराम नावाचे कचेरीतले कारकून राहत. त्यांची बायको मथुरा लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्याकडची चूल सगुणानेच घातली होती. पाच वर्षांत मथुरेला दमा जडला. डॉक्टर म्हणाले, धुरापासून दूर ठेवा. स्वयंपाक करणाऱ्या बाईला धुरापासून दूर ठेवायचं म्हणजे माशाला पाण्यापासून दूर ठेवण्यासारखंच. पण आत्मारामांनी मनावर घेतलं आणि मुंबईहून बोटीने पितळी स्टोव्ह आणला. खाली घासलेटची टाकी, वर जाळाचं तोंड, आणि हवा भरायला बाजूला पंप.

त्यांच्या आई यमुनाबाईंनी स्टोव्हकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला. घासलेटचा विस्तव हा विस्तवच नव्हे. त्यावरचा भात देवाला चालणार नाही. आत्माराम सहसा आईपुढे बोलत नसत, या वेळी बोलले. चार दिवस घरात अबोला झाला. शेवटी यमुनाबाईंनी मधला रस्ता काढला. पेटवायचाच तर चुलीत पेटवा. भांडं चुलीवरच बसलं पाहिजे, मग खाली काय जळतंय ते देव वाकून बघणार नाही.

म्हणून चूल विझवून, सारवून सगुणाला बोलावणं गेलं. तिने स्टोव्ह हातात घेऊन वितीने मापला, त्या बेताने चुलीचं पोट रुंद केलं, कडा लिंपल्या आणि नेहमीप्रमाणे निघून गेली.

चूल वाळल्यावर मथुरेने आत स्टोव्ह पेटवला. थोडा वेळ ठीक चाललं. मग आतला जाळ पिवळा झाला, फुरफुरला आणि भसकन बाहेर आला. मथुरेची एक भुवई जळाली. यमुनाबाईंनी पुन्हा लाकडं चुलीत घातली आणि विहिरीवर सांगितलं, सगुणाचा हात गेला. विहिरीवर सांगितलेलं हातखंब्याला पोचायला किती वेळ लागणार? दोन घरांनी चुलीचं सांगून ठेवलं होतं, त्यांनी आता नको म्हणून निरोप धाडला. सगुणाकडे जमीन नव्हती, नवरा मडकी भाजी, पण घर चाले ते तिच्या चुलींवर. हात गेला म्हणजे सगळंच गेलं.

ती न बोलावता आली आणि परसदारी उभी राहिली. आत मथुरा चुलीपुढे वाकून फुंकणीने जाळ करत होती. एक फुंकर मारावी, खोकावं, भिंतीला टेकावं, पुन्हा वाकावं. तिच्या छातीतली शीळ परसदारापर्यंत ऐकू येत होती. सगुणाने पायाशी रचलेल्या ढलप्यांतली एक उचलून मोडली. कडकन मोडली. लाकूड खडखडीत वाळलेलं होतं.

ढलपीचे दोन्ही तुकडे तिने उलटून पाहिले. लाकूड ओलं नव्हतं. चूल तिचीच होती. आणि धूर चुलीच्या तोंडातून निघून सरळ मथुरेच्या तोंडावर जात होता, कारण वाकून बसलेल्या बाईचं तोंड बरोबर तिथेच येतं. दीडशे चुली घातल्या, पण त्यांच्यापुढे बसलेली बाई तिने आज पहिल्यांदा पाहिली.

यमुनाबाई बाहेर आल्या तेव्हा सगुणाने एवढंच मागितलं, की स्टोव्ह चुलीत ठेवून तिच्यासमोर पेटवावा. जळताना बघितल्याशिवाय चूक कळायची नाही. यमुनाबाई म्हणाल्या, स्टोव्ह अंगणात आणून पेटवते, बघ हवा तेवढा.

"काकू, स्टो अंगनात येईल, चूल कशी येईल?" सगुणा म्हणाली. "चूक माज्या चुलीत हाय. मला आत घ्या, नायतर माजा हात गेला असं पुन्ना म्हनू नका."

यमुनाबाईंना असं बोलणं ऐकायची सवय नव्हती. बोलली ती मथुरा, दाराच्या चौकटीला धरून, दोन दमांत.

"सासूबाई, घासलेटचा विस्तव हा विस्तवच नव्हे, असं तुम्हीच म्हणालात. मग नुसता स्टोव्ह पेटवला तर चूल पेटली कुठे?"

"वाचा फुटली हो तुला," यमुनाबाई म्हणाल्या. पण त्या शब्दाच्या पक्क्या होत्या, आणि सुनेची शीळ रात्रंदिवस त्याही ऐकत होत्या. त्यांनी लाकडं ओढून विझवली, निखारे बाहेर काढले, शेणाचा हात फिरवला आणि माजघरात जाऊन जपमाळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

सगुणा आत आली. मथुरेने पंप मारला. निळा जाळ उभा राहिला आणि सगुणा उकिडवी बसून भट्टीपुढे बसावं तशी त्याच्याकडे बघत राहिली. जाळ भांड्याला लागून परत खाली येत होता. चुलीच्या तिन्ही भिंती त्याला कोंडत होत्या. तिने टाकीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. हवा सोडायची चावी सैल करायला सांगून ती उठली.

पुढची कारागिरी तिच्या घरचीच होती. चुलीची मागची भिंत तिने पाडली, भांडं टेकायचे तीन उंचवटे चार बोटं वर घेतले आणि हातखंब्याच्या भट्टीतून एक मातीची थाळी भाजून आणली. दोन अर्ध्या फाका, मधे स्टोव्हच्या गळ्याएवढं भोक. फाका जोडून बसवल्या की जाळ वर राही आणि टाकी खाली गार. तिने ती चार वेळा पेटवून पाहिली. चारही वेळा यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

महिन्याभराने यमुनाबाईंनीच त्या चुलीवर नैवेद्याचा भात लावला. आमटीला पूर्वीची चव नाही ही तक्रार त्यांनी मरेपर्यंत केली, ते सोडा. मथुरेची शीळ अगदी गेली नाही, पण ती रात्री आडवी होऊन झोपू लागली.

त्या नैवेद्याच्या दिवशी सगुणा खणनारळ घ्यायला आली होती. मथुरेने तो परसदारीच दिला, मान खाली घालून. देवाला भात चालला, म्हणजे तो विस्तव विस्तव झाला होता आणि सगुणा पुन्हा बाहेरची. तिने खण ओच्यात घेतला, आत एकदा बघितलं. उंबऱ्यावरून फक्त भांड्याचं बूड दिसत होतं.

त्यानंतर ती चूल घालायला गेली की आधी अट सांगे. पहिला विस्तव माझ्यासमोर पडला पाहिजे, आणि तुमची सून त्याच्यापुढे बसली पाहिजे. पुष्कळ घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. त्या वर्षी तिने सातच चुली घातल्या. सातांनाही मागच्या भिंतीत धूर जायला वाट ठेवलेली होती, आणि ती किती उंचीवर ठेवायची, हे तिने पुढे बसलेल्या बाईचं तोंड बघून ठरवलं होतं.